मारुतीमागचे चिरे

बांदा
१८ मे

प्रिय सुगंधा,

आंब्यांची पेटी परवा पोचली. आमच्या ह्यांनी स्टँडवरून खांद्यावर टाकून आणली आणि ओटीवर ठेवता ठेवता म्हणाले, "मैत्रिणीन यंदाय याद ठेवल्यान गो तुझी." पेंढा बाजूला केला तर दोन डझन हापूस, एकालाही डाग नाही, आणि सगळ्यात वर दर वर्षीची ती चिठ्ठी: 'नाझमीनबाय, माझी चूक पोटात घाल.' नऊ वर्षं झाली. नऊ पेट्या आणि नऊ चिठ्ठ्या. अक्षर मात्र सुधारलंय हो तुझं, पहिल्या वर्षीची चिठ्ठी मला दोनदा वाचावी लागली होती. चिठ्ठ्या मी औषधाच्या एका रिकाम्या डब्यात ठेवते. आंबे वाटून टाकते. खरं सांगायचं तर या नऊ वर्षांत तुझ्या पेटीतला एकही आंबा मी खाल्लेला नाही. का, ते सांगायलाच हे पत्र लिहायला बसले आहे. पण तू मला ओळखतेस. मला एक सांगायला बसवलं की मी आधी दहा सांगते.

फोन का केला नाही, म्हणशील. फोनवर तू आधी "कशी आसस गो?" म्हणून हसतेस आणि माझं सगळं अवसान गळतं. आणि बातमीही तशीच आहे. या महिनाअखेरीला मी निवृत्त होतेय. एकतीस वर्षं आरोग्य सेविका, त्यातली शेवटची दहा कातळखोलच्या उपकेंद्रात, आणि त्या दहांतलं पहिलं तुझ्याबरोबर. तेच एक मला सगळ्यात जास्त आठवतं. मी सकाळच्या एस.टी.ने बांद्याहून यायची आणि तू गावची आशा म्हणून फाट्यावर पिशवी काखोटीला मारून उभी असायचीस. उपकेंद्राचं कुलूप गंजून बसलेलं, म्हणून आपलं खरं उपकेंद्र म्हणजे तुझी पडवी. तिथेच लसींचा डबा, तिथेच बाळांचं वजन, तिथेच तुझे घावणे. तुझी सासू पहिले तीन महिने मला चहा काचेच्या ग्लासात द्यायची आणि तो ग्लास वेगळ्या फळीवर ठेवायची. मला दिसत होतं, तुलाही दिसत होतं, आणि आपण दोघी गोवराच्या लसीबद्दल बोलत राहायचो. चौथ्या महिन्यात एक दिवस म्हातारीने चहा घरच्या पितळी पेल्यात आणून दिला. तू मान खाली घालून हसत होतीस. त्या संध्याकाळी घरी जाऊन मी ह्यांना तीच गोष्ट तीनदा सांगितली.

तू मला म्हणायचीस, "सिस्टर, तुका पोलिसात जावक व्हया होतां." कारण मला विचारायची खोड. याची विहीर उघडी का, त्याच्या गोठ्यात उंदीर किती, ताप आधी कुणाला आला आणि तो आदल्या आठवड्यात कुठे गेला होता. पहिल्याच महिन्यात तू मला सगळा गाव फिरवून दाखवलास. मारुतीच्या देवळामागे जांभ्याचे चिरे रांगेने मांडलेले दिसले तेव्हा मी विचारलं, हे काय, कुंपण घालायचं राहून गेलं का? तू जीभ चावून सांगितलंस, हे कुंपण नव्हे. डोंगरात वानर मेलेलं सापडलं की कातळखोलात त्याला टाकून देत नाहीत. तो मारुतीचा. त्याला लाल कापडात गुंडाळून, टाळ वाजवत आणायचा, इथे पुरायचा आणि वर एक चिरा ठेवायचा. एका वानराला एक चिरा. मी मोजले, तेव्हा सतरा होते. मला ती रीत फार आवडली. आमच्याकडे माणसाच्या कबरीवरसुद्धा कधीकधी दगड ठेवायचं राहून जातं.

आणि दर सोमवारचा तो कागद आठवतो ना? गेल्या आठवड्यात गावात ताप किती, जुलाब किती, ताप येऊन बरळलेला कोणी, रक्त पडलेला कोणी. शेवटी एक मोकळी ओळ, 'इतर काही असामान्य घटना'. काही नसलं की 'निरंक' लिहायचं आणि सही करायची. तू विचारायचीस की ह्यो कागद जातां खंय? मी ऐटीत सांगायची: आरोग्य केंद्रात, तिथून तालुक्याला, तिथून जिल्ह्याला ओरोसला, तिथून पुण्याला आणि शेवटी दिल्लीला. दिल्लीत एका भिंतीवर सगळ्या देशाचा नकाशा असेल आणि त्यात कातळखोल एवढासा ठिपका असेल, असं आपण दोघींनी ठरवून टाकलं होतं. तू म्हणालीस, "मगे दिल्लीवाल्यांक सांग, आमच्या ठिपक्यार एस.टी. येळेर येणा नाय." आता कागद गेला. आता हातात टॅब असतो, रोजच्या रोज भरावा लागतो आणि रेंज नसली की तो टॅब घेऊन मी कातळावर चढते. खालून पोरं ओरडतात, सिस्टर उडी मारतली. पण मला अजून तेच नवल वाटतं. एवढा मोठा देश, आणि कुठल्या गावात आधी काय शिजतंय हे त्याला कळायचा रस्ता आपल्यासारख्या दोन बायकांच्या चपलांवरून जातो.

तुझ्या घरधन्याचं, शिवाचं, मी लिहिणारच नव्हते, पण ते टाळून हे पत्र पुरं होणार नाही. तुझ्याकडून जेवढं कळलं तेवढं मांडते, चुकलं तर तूच दुरुस्त कर. त्या वर्षी काजू नुकता धरला होता. तुमच्या काजूत वानर मरून पडलं. शिवाने ते उचलून खांद्यावर घेतलं आणि देवळामागे नेलं. मागच्याच वर्षी शेजारच्या तालुक्यात माकडताप येऊन गेलेला, म्हणून वानर मेलं तर हात लावू नका, सिस्टरला कळवा, हे तुला शिबिरात सांगितलेलं होतं. तुला ठाऊक होतं. पण शिवा म्हणाला, "सिस्टरीक सांगलंस तर ते येऊन उकरून नेतले. देवाचा जनावर आसा तां." आणि तू गप्प बसलीस. पाचव्या दिवशी त्याला ताप भरला. डोळे लाल, कंबर मोडून आली, मग हिरड्यांतून रक्त. ताप आला त्या दिवसापासून अकराव्या दिवशी तो गेला. रक्ताचा नमुना पुण्याला जाऊन निकाल यायला एवढा वेळ लागला की माकडताप आहे हा कागद त्याच्या बाराव्यालाच आला. तेव्हा आम्हाला समजावलं होतं ते मी तुला तेव्हाही सांगितलं नव्हतं, कारण ते ऐकून तुला बरं वाटलं नसतं: वानर मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिड्या थंड अंग सोडतात आणि जो जवळ असेल त्याला धरतात. तू पडवीत माझे पाय धरलेस. "मी तुका सांगूक नाय गो नाझमीनबाय. माझ्यामुळे गेलो तो. माका माफ कर." मी तुला उठवलं आणि म्हटलं, जावंदे. महिन्याभरात तू लेकीला, सलोनीला, घेऊन मिठबावला भावाकडे निघून गेलीस आणि पुन्हा कातळखोलचा डोंगर पाहिला नाहीस.

आता यंदाचं ऐक. जानेवारीत एक दिवस आपली नवीन आशा पूजा, तिचा फोन आला. "सिस्टर, देवळाच्या वरच्या अंगाक वांदर मेलो हा. लोक टाळ घेऊन इलेत. मी आडव्या पडलंय, पण माझा कोण ऐकतलो?" पोरगी चोवीस वर्षांची, पण खमकी. मी पोचले तेव्हा तीस-चाळीस माणसं जमलेली आणि पूजा खरोखरच वाटेत हात पसरून उभी होती. तासाभरात वनखात्याचा माणूस, जनावरांचे डॉक्टर आणि त्यांच्याबरोबर डॉ. चंदन आले. हे चंदन डॉक्टर वयाने आपल्या सलोनीएवढे असतील, विदर्भातले. सरकारने साथी कशा शोधायच्या ते शिकायला दोन वर्षं गावोगाव पाठवलेत. त्यांना आपलं बोलणं अर्धंही कळत नाही, म्हणून प्रत्येक वाक्यानंतर माझ्याकडे बघतात. डॉक्टर पांढरा पोशाख चढवू लागले तसे लोक आणखी बिथरले. कापतले काय देवाक? कोण हे? मी पुढे व्हायला धजेना. माझं नाव नाझमीन, आणि सांगायचं काय, तर मारुतीच्या वानराला कापू द्या.

तेवढ्यात पूजा थेट बाळा गुरवाकडे गेली. म्हातारा देवळाच्या पायरीवर बसून होता. ती म्हणाली, "आज्यानू, तुमी गाऱ्हाणा घाला. देवाक इचारल्याशिवाय ह्ये हात लावचे नाय." बाळाने तिच्याकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं, नारळ मागितला आणि उभा राहिला. अगं, काय आवाज लागला होता म्हाताऱ्याचा! "बा मारुतीराया, ह्यो डॉक्टर लांबसून इलो हा, तुझ्या लेकराक हात लावतलो. चुकला-माकला पदरात घे, आणि ह्या वाडीतल्या पोराबाळांक तापसराय येवची नाय असा कर रे म्हाराजा!" सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" चंदन डॉक्टर पोशाखाच्या आतून, सगळ्यांचं झाल्यावर, एकटेच म्हणाले, "व्हय म्हाराजा." लोक इतके हसले की अर्धं भांडण तिथेच संपलं. नमुने घेतले, भोवतीच्या पन्नास पावलांत गोचिड्या मारायची पावडर मारली, आणि मग वानराला लांबून, हातमोजे घालून, पण लाल कापडात गुंडाळून आणि टाळ वाजवूनच पुरलं. वर चिरा ठेवला. परतताना मी बाळाला म्हटलं, तुम्ही फार मोठं काम केलंत. तो म्हणाला, "आधी कोणी इचारला आसता तर आधीय घातला आसता गो. इचारूकच कोण येवक नाय."

निकाल तिसऱ्या दिवशी आला. माकडताप. म्हणजे वानराने सांगितलं, आणि माणूस आजारी पडायच्या आत आपण ऐकलं. वरच्या काजूत जायचं पंधरा दिवस बंद, बाकीच्या रानात जाणाऱ्यांना गोचिड्या धरू नयेत म्हणून अंगाला लावायचं तेल, आणि पूजा रोज घरोघर. दहाव्या दिवशी तिच्या चुलतदिराला, मंगेशला, ताप भरला. हा शहाणा तेल न लावता चोरून काजूत पातेरा, सुका पाला, गोळा करायला गेला होता. डोळे लाल दिसताच पूजाने त्याला गाडीत घातलं. चार दिवस सलाईन, रोज रक्त तपासणी, सातव्या दिवशी तो इस्पितळातल्या आमटीला नावं ठेवायला लागला तेव्हा मी समजले की सुटला. आता गावभर सांगत फिरतो की आमटी नव्हती ती, हळदीचं पाणी होतं. मी त्याला पाहते आणि मला शिवा दिसतो. असाच बसला असता, असाच तक्रार करत असता.

साथ ओसरल्यावरही चंदन डॉक्टर येत राहिले. त्यांना माझ्याहून मोठी खोड. एक दिवस देवळामागे थांबून त्यांनी विचारलं, हे कुंपण अर्धवट का? मला हसू आलं. मी त्यांना तुझेच शब्द सांगितले, एका वानराला एक चिरा. ते मटकन खालीच बसले. म्हणाले, सिस्टर, म्हणजे ही नोंदवही आहे. आणि मग चार दिवस बाळा गुरवाला घेऊन प्रत्येक चिऱ्यापाशी हाच प्रश्न, हा कधीचा? बाळाला साल कुठलं सांगता येणार, पण त्याची आठवण पक्की. "ह्यो माझ्या थोरल्याच्या लग्नाचो वर्साचो. ह्यो देवळार कौलां घातली तवाचो. ह्ये दोन मोठ्या वाऱ्याचे." मी मराठीत सांगायची, डॉक्टर लिहायचे. चिरे एकूण तेवीस; पहिले सतरा झाले. आणि मग ओळीत पाच चिरे आले, एकमेकांना चिकटून. बाळा तिथे थांबला आणि टोपी काढून म्हणाला, "ह्ये शिवाच्या वर्साचे. चार आधी, पंधरा-वीस दिवसांत. पाचवो शिवान खांद्यार आणलेलो." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भाषांतर केलं. एकही शब्द गाळला नाही.

पुढच्या आठवड्यात ते तालुक्याच्या कचेरीतून जुने कागद शोधून घेऊन आले. वाळवीने कडा खाल्लेल्या, पण वाचता येत होते. एका बाजूला चिऱ्यांचा तक्ता, दुसऱ्या बाजूला आमचे सोमवारचे कागद. चार चिरे पडले त्या तीनही आठवड्यांच्या मोकळ्या ओळीत निळ्या शाईत, ठसठशीत: निरंक. निरंक. निरंक. खाली माझी सही. आपला ठिपका त्या वेळी दिल्लीच्या नकाशावर हिरवागार असणार. डॉक्टर रागावले नाहीत, त्यांना नुसतं जाणून घ्यायचं होतं. म्हणाले, शून्य दोन तऱ्हेचं असतं सिस्टर, एक शोधून आलेलं आणि एक न शोधता आलेलं, कागदावर दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून विचारतो: तेव्हा तुम्हाला कुणी सांगितलं नाही का? मी म्हटलं, नाही, कुणी सांगितलं नाही. ते लिहून घेऊ लागले. सुगंधा, ते उत्तर खरंच होतं. कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या कानात तेव्हा तुझा आवाज होता, मी तुका सांगूक नाय गो. आणि डॉक्टर कागदावर काय लिहिणार ते मला समोर दिसत होतं: गावच्या आशाने माहिती दिली नाही. तुझं नाव नाही, पण तूच. कायमची. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, थांबा, हे लिहू नका.

जे मी त्यांना सांगितलं, ते तुला नऊ वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. पाचवं वानर तुमच्या काजूत पडलं, त्याच्या बारा दिवस आधीचा सोमवार. त्या दिवशी तू फाट्यावर आली नव्हतीस, म्हणून मी एकटीच जवळच्या वाटेने, देवळामागून येत होते. तिथे चार नवे चिरे होते. माती अजून ओली लाल, वर जास्वंद, फोडलेल्या नारळाच्या कवड्या. सतराचे एकवीस झालेले मी उभ्याउभ्या मोजले. त्याचा अर्थ मला कळणार नाही असं कसं होईल, तूच तर मला ते वाचायला शिकवलं होतंस. वानर मेलं तर लगेच कळवा, हे परिपत्रक माझ्या पिशवीत होतं. सगळ्या जगाला प्रश्न विचारणारी मी, त्या दिवशी कुणालाही काही विचारलं नाही. मनात एवढंच आलं की मी कळवलं तर उद्या गाडी येईल, कुदळ येईल, आणि गाव म्हणेल की बांद्याच्या मुसलमान बाईने आमचा मारुती उकरायला लावला. आणि तुझी सासू तो पितळी पेला आत ठेवून वेगळ्या फळीवरचा ग्लास पुन्हा काढील. मी तुझ्या पडवीत आले, त्याच पेल्यातून चहा प्याले आणि तुझ्यासमोर बसून निरंक लिहिलं. त्याच्या पुढच्या सोमवारीही लिहिलं. त्या पहिल्या सोमवारी मी नुसतं बाळाला जाऊन विचारलं असतं, तर पाचवं वानर उचलायच्या आधी सगळ्या गावाला ठाऊक झालं असतं की त्याला हात लावायचा नाही. शिवालासुद्धा. तू जे माझ्यापासून लपवलंस म्हणून नऊ वर्षं जळते आहेस, ते मला तुझ्याआधी माहीत होतं. तू माझे पाय धरून माफी मागितलीस आणि मी ती देऊन टाकली, जणू ती माझ्याकडे होती. त्यानंतर दर मे महिन्यात तू ती पुन्हा मागत राहिलीस आणि मी गप्प बसून घेत राहिले. याची मला लाज वाटते गो. भीतीपेक्षाही जास्त. डॉक्टरांच्या कागदावर आता असं लिहिलंय की आरोग्य सेविकेला माहीत होतं, तिने कळवलं नाही. खाली सही मी केली. त्यावर वरचे काय ठरवतील ते ठरवोत. पण कचेरीच्या कागदावरून हे तुझ्या कानावर यायच्या आधी माझ्या हातून यावं, एवढ्यासाठी हे पत्र. नऊही चिठ्ठ्या याच पाकिटात घातल्या आहेत. त्या कधी माझ्या नव्हत्याच. निवृत्तीनंतरच्या मंगळवारी, दोन तारखेला, मी देवगडला गाडी बदलून मिठबावला येतेय. दार लावलेलं दिसलं तर समजेन, हाक मारणार नाही, चारच्या गाडीने परत फिरेन. यंदाच्या पेटीतले आंबे वाटले, एक तेवढा तांदळात ठेवला आहे. तो घेऊन येते. तू कापून दिलास तर खाईन.

तुझीच, अजून म्हणू देशील तर,
नाझमीन